वाचकांचे प्रश्न : प्रवाळांची टाकी नव्या घरी नेताना

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेत गेली तीन वर्षे खाऱ्या पाण्याची, प्रवाळे असलेली टाकी आहे. टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असून तिच्याखाली संप (पाणी गाळण्याची लहान टाकी) आहे. ओसेलारिस क्लाऊन माशांची जोडी, एक निळा टँग मासा, एक वाळू चाळणारा गोबी मासा, दोन क्लीनर कोळंब्या आणि एक बबल-टिप ॲनेमोनी (समुद्रफूल) तिच्यात आहेत. प्रवाळांपैकी लेदर, मश्रूम आणि झोअँथिड आहेत. वाळूचा थर सुमारे तीन इंचांचा आहे. मे महिन्यात आम्ही पुण्याला बाणेर येथे राहायला जाणार आहोत. सामान हलवणारे लोक म्हणतात की, निम्मे पाणी काढून टाकी आहे तशीच टेम्पोत चढवू. हे योग्य आहे काय? जुने पाणी किती न्यावे, मासे किती वेळ बंद भांड्यात राहू शकतील आणि नव्या घरी टाकी पुन्हा पहिल्यापासून ‘सायकल’ करावी, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू नव्याने वाढवावे, लागतील काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकी अर्धी भरलेली नेण्यास आपण स्पष्ट नकार द्यावा. आपल्या टाकीत काठोकाठ सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते. ते निम्मे काढले तरी उरलेले पाणी, वाळू आणि बारा मिलिमीटरची काच धरून वजन चारशे किलोंच्या आसपास जाते आणि त्यात दगडांची भर वेगळीच पडते. इतके वजन चार माणसांनी जिन्यातून किंवा उद्वाहनातून सुरक्षितपणे नेणे शक्य नाही, ही त्यातली लहान अडचण आहे. मोठी अडचण अशी की, काचेची टाकी सपाट आणि स्थिर पायावर उभी असतानाच आतल्या पाण्याचा भार पेलण्यासाठी बनवलेली असते. उचलताना तळ किंचित जरी पिळवटला, किंवा टेम्पोत पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हेलकावले, तरी सिलिकॉनच्या सांध्यावर असा ताण येतो की तो त्या दिवशी दिसत नाही आणि महिन्याभराने एखाद्या रात्री दिवाणखान्यात पाणी पसरते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी, वाळूसुद्धा काढलेली, सरळ उभ्या स्थितीत, तळाखाली प्लायवूड आणि त्यावर थर्मोकोल घालूनच न्यावी. उचलताना वरच्या काचेच्या पट्ट्यांना धरू नये. त्या उचलण्यासाठी दिलेल्या नसतात.

आता जुन्या पाण्याविषयी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर ते दगडांच्या पृष्ठभागावर, वाळूच्या कणांवर आणि गाळणीतील माध्यमावर चिकटून राहतात. त्यामुळे सगळेच्या सगळे जुने पाणी नेले आणि दगड मात्र उन्हात सुकू दिले, तर आपण टाकीचा जीव मागे ठेवून केवळ तिची ओल बरोबर नेली, असे होईल. उलट दगड ओले आणि जिवंत राहिले, तर पाणी बहुतांशी नवे असले तरी फारसे बिघडत नाही. तरीही सुमारे दोनशे लिटर जुने पाणी न्यावे असे मी सुचवतो, कारण त्याची क्षारता प्रवाळांच्या अंगवळणी पडलेली असते आणि प्रवासात प्राणी ठेवायला ते लागतेच. उरलेले सुमारे अडीचशे लिटर नवे पाणी मात्र आपण बाणेरच्या घरी पोहोचण्यापूर्वी तिथे तयार असले पाहिजे. माझ्या पाहण्यातील बहुतेक स्थलांतरे याच एका गोष्टीवर तरली किंवा बुडाली आहेत.

यासाठी स्थलांतराच्या निदान तीन-चार दिवस आधी नव्या घरी एक फेरी करावी. अडीचशे लिटरसाठी लिटरला पस्तीस-छत्तीस ग्रॅम या हिशेबाने टाक्यांसाठी मिळणारे समुद्री मीठ सुमारे नऊ किलो लागेल. पाकिटावरील प्रमाण प्रत्येक उत्पादकाचे थोडे वेगळे असते, ते पाहून घ्यावे. आधी पिंपात पाणी भरावे आणि मग त्यात थोडे थोडे मीठ घालावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका खाली बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप लावून पाणी चोवीस तास फिरत ठेवावे, म्हणजे क्षारता ३५ भाग प्रतिहजार, अर्थात २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास स्थिर होते. पाणी मात्र आरओ-डीआयचेच, म्हणजे विरघळलेले क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकलेले, हवे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रावर अवलंबून राहू नये, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अशा अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळलेली असतात. ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी येते, तिथे तर या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण आठवड्याआठवड्याला बदलते. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी आणि वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, हेही दिवस ठरवताना ध्यानात असू द्यावे आणि बुधवारी संध्याकाळी पोहोचण्याचा बेत करू नये.

वाळूबाबत मी जरा विस्ताराने लिहितो, कारण या एका चुकीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. तीन इंचांच्या थरात खालच्या भागापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. तिथे तीन वर्षांची घाण साचलेली असते आणि काही ठिकाणी काळे डाग पडून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. थर हलला नाही तोवर हे सारे जागच्या जागी राहते, पण वाळू बादलीत भरून दुसऱ्या टाकीत ओतली की सगळे एकदम पाण्यात मिसळते. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या स्थलांतरात मी जुनी वाळू न धुता तशीच परत घातली. त्या रात्री पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि सकाळपर्यंत माझे पाच मासे गेले. त्यांतला एक माझ्याकडे सहा वर्षे होता. जीवाणू वाचवावेत या समजुतीने मी ते केले होते. आपण तसे करू नये. वरच्या अर्ध्या इंचातील स्वच्छ वाळू दोन-तीन वाट्या काढून मिठाच्या पाण्यात ओली ठेवावी, म्हणजे तिच्यातील सूक्ष्म जीव नव्या थरात पसरतील. उरलेली सगळी वाळू टाकून द्यावी आणि नवी अरॅगोनाइट वाळू धुऊन वापरावी. पैसे वाचवायचे असतील, तर जुनी वाळू बादलीत नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत चाळून-चाळून धुवावी आणि शेवटचे पाणी आरओचे घ्यावे. असे केल्यास तिच्यातील जिवंतपणा संपला असे समजून तिला नवीच वाळू मानावे.

निघण्याच्या दोन दिवस आधीपासून माशांना खायला देऊ नये. सुदृढ माशाला दोन दिवसांच्या उपवासाने काही होत नाही, आणि रिकाम्या पोटाच्या माशाकडून प्रवासातील पाणी फार कमी बिघडते. घरातील ज्येष्ठ मंडळींना हे बघवत नाही आणि कोणीतरी चिमूटभर खाऊ टाकतेच; त्यांना कारण नीट समजावून सांगावे.

त्या दिवशीचा क्रम चुकू देऊ नये. हीटर पाण्याबाहेर काढण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे बंद करून ठेवावा, नाहीतर तापलेली काच हवेत तडकते. वाळू ढवळली जाण्यापूर्वी वरचे स्वच्छ पाणी नळीने खाद्यपदार्थांसाठीच्या झाकणाच्या पिंपांत उतरवून घ्यावे. मग प्रवाळे, त्यांच्यामागून दगड, आणि पाणी सात-आठ इंच उरले की शेवटी मासे. दगड असेपर्यंत मासे पकडण्याच्या मागे लागल्यास अर्धा तास जाळी फिरते, वाळूचा गाळ वर येतो आणि मासे दमून अर्धमेले होतात. दगड निघाल्यावर तेच काम पाच मिनिटांत होते. निळ्या टँगला घाबरला की दगडाच्या फटीत शिरून अंग घट्ट रोवून बसण्याची सवय असते, म्हणून प्रत्येक दगड उचलताना आधी पाण्यातच हलवून पाहावा. गोबी वाळूत दडतो. त्यामुळे मासे मोजून, यादीवर खूण करूनच वाळूला हात लावावा.

झोअँथिडच्या बाबतीत एक गंभीर सूचना आहे. त्यांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, दगड ब्रशने घासू नये, आणि ‘स्वच्छ करून नेऊ’ म्हणून कोणी त्यावर गरम पाणी ओतणार नाही याची खात्री करावी, कारण वाफेबरोबर हे विष श्वासात जाऊन माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सामान हलवणाऱ्या कामगारांना ही माहिती नसते. त्यामुळे दगडांना आपल्याखेरीज कोणी हात लावू नये, हे त्यांना सकाळीच सांगून ठेवावे.

दगड झाकणाच्या बादल्यांत पाण्यात बुडवूनच न्यावेत असे मी म्हणेन. काही जण मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि चार-पाच तासांत जीवाणूंना त्याने फारसे होतही नाही. पण दगडांवरील स्पंजांच्या अंगात हवा शिरली की ते मरतात आणि नव्या टाकीत सडून अमोनिया वाढवतात. ॲनेमोनीचा पाय दगडातून ओरबाडून काढू नये, कारण पाय फाटला की तो बहुधा वाचत नाही. तो ज्या दगडावर बसला आहे त्या दगडासकट, स्वतंत्र बादलीत न्यावा. सोबत दुसरे कोणी नको. टँगच्या शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असतो. प्लॅस्टिकची पिशवी त्याने फाटते आणि जाळीत तो अडकतो, म्हणून टँग पकडायला जाळीऐवजी मोठे भांडे घ्यावे आणि त्याला झाकणाच्या बादलीत एकटे ठेवावे. क्लाऊनची जोडी एकत्र चालेल.

ठाणे ते बाणेर हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचे असले तरी वेळेचा हिशेब अंतरावर न करता बोरघाटावर करावा. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना घाटात वाहने तासन् तास अडकतात. आठवड्यातील कामाचा दिवस निवडून पहाटे निघावे. सगळे सजीव आपल्या वातानुकूलित गाडीत, आणि टाकी, स्टँड व रिकामी पिंपे टेम्पोत, अशी विभागणी करावी. मे महिन्यात बंद टेम्पोच्या आत पाणी पाहता पाहता तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासा उष्णतेने मरण्यापूर्वी गुदमरून मरतो. बादल्या निम्म्याच भराव्यात, प्रत्येकीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप सोडावा, आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या कागदात गुंडाळून हाताशी ठेवाव्यात. इतकी तयारी असेल तर सहा-सात तास काळजीचे कारण नाही.

मासे हवाबंद पिशवीत न्यावे लागले, तर एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साईड साचून पाण्याचा पीएच खाली येतो, आणि कमी पीएचला अमोनियाचा फारच थोडा अंश विषारी रूपात असतो. पीएच ७ असताना हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो, तर टाकीतील ८.२ ला तो पाच ते आठ टक्क्यांच्या घरात जातो. पिशवी उघडली, तिच्यात हवेचा पंप सोडला आणि तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसलो, की कार्बन डायऑक्साईड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेल्या अमोनियाचा विषारी अंश त्याच पाण्यात कित्येक पटींनी वाढतो. काळजी म्हणून केलेले काम माशाच्या जिवावर येते, ते असे. आपले मासे आपल्याच टाकीच्या पाण्यात आलेले असतील आणि नव्या पाण्याची क्षारता आपण आधीच जुळवलेली असेल, तर तापमान सारखे होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे पिशवी बंदच तरंगत ठेवावी आणि मग उघडून मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

बाणेरला पोहोचल्यावर स्टँड पाणसळीने समपातळीत आणावा, टाकी बसवावी आणि वाळू, दगड, मग पाणी अशा क्रमाने भरावे. दगड जुन्या छायाचित्राप्रमाणे हुबेहूब रचण्यात तास घालवू नये. ते घट्ट आणि न डगमगणारे बसले की पुरे. सौंदर्य नंतर पाहता येते. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) प्रवासात आडवा झाला असेल, तर तो सरळ उभा करून काही तास थांबल्यावरच सुरू करावा, कारण कंप्रेसरमधील तेल जागेवर यावे लागते. वायर पाण्यापासून थेट वर सॉकेटकडे नेऊ नये. तिला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच ठिबकेल. त्या वाहिनीवर ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र) आहे ना, हे विद्युत कारागिराकडून तपासून घ्यावे. बंद डब्याची गाळणी आपल्याकडे असल्यास तिच्यातील माध्यम प्रवासात डब्याबाहेर, मिठाच्या पाण्यात ओले ठेवलेले असावे. बंद डब्यात प्राणवायू संपून काही तासांतच जीवाणू मरतात आणि यंत्र सुरू करताच ते सडके पाणी टाकीत येते.

पुन्हा पहिल्यापासून सायकल करावी लागेल काय, याचे उत्तर दगडांनी दिलेले असते. ते ओले राहिले असतील, तर नाही. तरीही पहिले सात दिवस रोज अमोनियाची चाचणी करावी, अमोनिया बांधून ठेवणारे औषध घरात असू द्यावे, आणि चाचणीत रंग दिसताच एक चतुर्थांश पाणी बदलावे. यासाठी शंभर-सव्वाशे लिटर जास्तीचे पाणी पिंपात तयार हवे. पहिला आठवडा दिवे निम्म्या तीव्रतेवर ठेवावेत आणि खाणे नेहमीच्या अर्धे द्यावे. लेदर प्रवाळ आठ-दहा दिवस मिटून राहील आणि अंगावरची मेणासारखी कात टाकेल, दुसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येईल. या दोन्हींना घाबरून कोणतेही औषध घालू नये. नवा प्राणी मात्र दीड-दोन महिने आणू नये.

प्रश्न : आम्ही दादरहून बोरिवलीतील सुमारे चाळीस वर्षे जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर जात आहोत. आमची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. सोसायटीच्या सचिवांनी वजनाबद्दल हरकत घेतली आहे. त्यांची शंका रास्त आहे काय?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : शंका रास्त आहे, आणि ती त्यांनी टाकी येण्यापूर्वी काढली याबद्दल त्यांचे आभार मानावेत. या मापाच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच, दगड, वाळू, स्टँड आणि संप धरून एकूण भार एक टन ते अकराशे किलोंच्या दरम्यान जातो, आणि तो जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर पडतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांची जमीन चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोनशे किलो, इतका वापरातील भार धरून आखली जाते. हा हिशेब साऱ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एका कोपऱ्यात त्याहून अधिक भार आला की जमीन कोसळते, असे मुळीच नाही. परंतु चार-पाच पट भार एकाच जागी कायमचा राहणार असेल, तर तो कशावर टेकला आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो.

टाकी खोलीच्या मध्यावर किंवा सज्जावर कधीही ठेवू नये. बाल्कनी घरात घेऊन वाढवलेल्या भागातही नको, कारण तो भाग झुलता असतो. खाली तुळई असलेल्या भिंतीलगत, शक्यतो खांबाजवळ आणि टाकीची लांबी तुळईला समांतर राहील अशी जागा सर्वांत भरवशाची असते. मात्र चाळीस वर्षांच्या इमारतीत, आणि तीही समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत, आतल्या लोखंडी सळयांची अवस्था बाहेरून कळत नाही. छताचा गिलावा फुगलेला किंवा गंजाचे डाग आलेले असतील, तर माझ्या मते सहा फुटांची टाकी तिथे नेऊच नये. इमारतीचे संरचनात्मक परीक्षण झाले असल्यास तो अहवाल पाहावा, आणि नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंत्याला जागा प्रत्यक्ष दाखवून लेखी अभिप्राय घ्यावा. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या डोक्यावर तो भार राहणार आहे. अभियंत्याने नको म्हटले, तर तीन फुटांची टाकी घ्यावी. आपली प्रवाळे तिच्यातही वाढतील.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीहून कुडाळला स्थायिक होत आहोत. समुद्र इतका जवळ असताना विकतच्या मिठाचे पाणी कशाला करायचे? टाकी मालवणच्या समुद्राच्या पाण्यानेच भरावी आणि तिथलेच दोन-चार दगड आणावेत, असा विचार आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाण्याचा विचार करता येईल, दगडांचा मनातून काढून टाकावा.

सन २००१ मध्ये कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र तर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. तिथून जिवंत दगड उचलणे हा गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा घरी नेणेही त्याच कायद्याच्या कक्षेत येते. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळांची वस्ती मुळात थोडकी आहे; ती आपल्या डोळ्यांसमोर, जिथल्या तिथे राहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. टाकीसाठी सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे बनवलेले कोरडे दगड मिळतात. आपल्या जुन्या टाकीतील दोन दगड त्यांच्यात ठेवले की काही महिन्यांत तेही सजीव होतात. आपल्या सध्याच्या टाकीत कठीण प्रवाळे असतील, तर ती हलवण्यापूर्वी खरेदीची कागदपत्रे घेऊन वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी.

पाणी घ्यायचे असेल, तर ते ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंतच घ्यावे. पावसाळ्यात नद्या किनाऱ्यालगत इतके गोडे पाणी आणि गाळ ओततात की क्षारता कमालीची घसरते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा खाडीच्या मुखापासून आणि मासेमारीच्या नौका उभ्या राहतात त्या धक्क्यापासून दूर, भरतीच्या वेळी, होडीने थोडे आत जाऊन पाणी भरावे. ते बारीक कापडातून गाळून अंधारात, झाकलेल्या पिंपात दोन-तीन आठवडे ठेवावे, म्हणजे त्यातील तरंगते जीव मरून तळाशी बसतात. मग वरचे नितळ पाणी काढून, क्षारता मोजून आणि अमोनियाची चाचणी करूनच वापरावे. हे सारे वाचून आपल्या ध्यानात येईल की मोफत पाण्यालाही बरेच श्रम पडतात. स्थलांतराच्या दिवशी लागणारे पाणी तरी मिठाचेच तयार करावे आणि समुद्राच्या पाण्याचा प्रयोग टाकी दोन-तीन महिने स्थिरावल्यावर, दहा-दहा टक्क्यांनी करावा. कुडाळला जुलैत वीज खंडित होते तेव्हा पंप बंद पडू नयेत यासाठी इन्व्हर्टरची सोय मात्र टाकीच्या आधी करावी.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला नऊ वर्षे राहून नाशिकला परत येत आहोत. आमच्या रीफ टँकमध्ये मुलीने वाढवलेली कठीण प्रवाळे आणि दोन क्लाऊन आहेत. ती त्यांना सोडून यायला तयार नाही. विमानाने आणता येतील काय?
— एक वाचक, सिंगापूर

उत्तर : प्रवाळे आणण्याचा प्रयत्न करू नये. कठीण प्रवाळांच्या सर्व जाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे देशाची सीमा ओलांडताना परवाना लागतो. आणि भारतात त्यांना जे कायदेशीर संरक्षण आहे, ते वरच्या उत्तरात सांगितले आहे. माशांसाठीही आयातीची परवानगी आणि विलगीकरण आवश्यक असते. घरगुती सामानाबरोबर पिशवीत घालून आणलेले प्राणी विमानतळावर जप्त होतात आणि तिथे त्यांच्या जगण्याची शाश्वती उरत नाही. मुलीला हे असेच, काही न लपवता सांगावे असे मला वाटते. नऊ वर्षे ज्याची निगा राखली त्याच्याविषयी तिला खरे ऐकण्याचा हक्क आहे.

त्यांना समुद्रात सोडण्याचा विचारही करू नये. अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळ १९८० च्या दशकात बहुधा टाक्यांतून सुटलेले किंवा सोडलेले लायनफिश आज कॅरिबियन समुद्रभर पसरले असून तिथल्या मूळच्या माशांचा फडशा पाडत आहेत. सिंगापूरमध्ये रीफ टँक पाळणारे पुष्कळ आहेत. जाण्याच्या दोन महिने आधीच त्यांच्यापैकी एखादे चांगले घर शोधावे. मुलीने ती टाकी स्वतः जाऊन पाहावी आणि प्रवाळे दोन-तीन फेऱ्यांत, थोडी-थोडी करून नेऊन द्यावीत, म्हणजे नव्या टाकीवर एकदम भार येणार नाही. क्लाऊन जोडीनेच द्यावेत. कॅल्शियम, अल्कलिनिटी, दिव्यांच्या वेळा आणि कोणते प्रवाळ कोणत्या बाजूला कसे वाढत होते, याची तिने ठेवलेली वहीही त्यांच्याबरोबर नव्या घरी जाऊ द्यावी. तिची एक प्रत तिने स्वतःजवळ ठेवावी. नाशिकला पुढे-मागे मऊ प्रवाळांची टाकी लावायची झाली, तर ती कामी येईल.